मॉडर्न टेलर्सची तेरा अक्षरं

सोमा शिकवायचा इंग्रजी, पण पोरांना त्याच्या तासाची ओढ असायची ती फळ्याच्या कोपऱ्यामुळे. सोमवारी वर्गात शिरला की तो उजव्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहायचा, खाली रेघ मारायचा आणि आठवडाभर कुणाला तो पुसू द्यायचा नाही. त्या शब्दातली अक्षरं घेऊन जेवढे नवे शब्द होतील तेवढे पोरांनी शोधायचे. बाहेरचं अक्षर घ्यायचं नाही आणि आहे ते अक्षर जास्तीचं वापरायचं नाही, एवढाच नियम. एकदा त्याने 'टीचर' लिहिला. पोरांनी त्यातून 'हार्ट' काढला, 'रीच' काढला, आणि मागच्या बाकावरून एकाने भीत भीत 'चीट' काढला. वर्ग हसू दाबून बसला. सोमा स्वतःच इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले.

हा नाद त्याला फार लहानपणी लागला. त्याचा बाप लहानू भिवंडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या वखारीत हमाली करायचा. गावात माग वाढत होते, त्यांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून यायचे, आणि फुटलेल्या खोक्यांच्या फळ्या लहानू घरी चुलीसाठी आणायचा. फळ्यांवर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं उमटवलेली असत. आई फळी चुलीत सारायच्या आधी सोमा ती अक्षरं अंगणातल्या मातीत काडीने उतरवून घ्यायचा. वाचता येत नव्हतं, पण चित्रं आवडायची. पुढे शाळेत इंग्रजी सुरू झालं तेव्हा एका फळीवर त्याला 'हँडल' हा शब्द लागला. फळी फोडताना शेवटची दोन अक्षरं दुसऱ्या तुकड्याबरोबर चुलीत गेली, आणि हातात राहिलेल्या तुकड्यावर 'हँड' उरला. मोडलेल्या शब्दातही पुरता शब्द असतो याचं त्याला इतकं नवल वाटलं की त्यानंतर तो कुठलीही पाटी सरळ वाचीनासा झाला. दुकानाचं नाव दिसलं की ते मनातल्या मनात सुटं व्हायचं आणि नव्याने जुळायला लागायचं.

शाळेत त्याच्या बाकावर लडकू बसायचा. लडकू वळ गावचा, आगरी घरातला, सायकल मारत भिवंडीला यायचा. सुट्टीच्या दिवशी सोमा त्याच्याबरोबर वळला जायचा. सुरुवातीला लडकूच्या घरी सोमाला चहा मिळायचा तो पडवीत, कान तुटलेल्या वेगळ्या कपात. एके दिवशी तो कप फुटला. लडकूच्या आईने, रंगूबाईने, त्याच्या जागी दुसरा वेगळा कप काही आणला नाही. फडताळात घरच्यांचे कप होते, त्यातलाच एक भरून तिने सोमाच्या पुढ्यात ठेवला. लडकूचा बाप मोरू समोरच बसला होता. त्याने पाहिलं आणि तो आपला चहा पिऊ लागला. या गोष्टीवर त्या घरात कधीच बोलणं झालं नाही, पण सोमाच्या मनात ती जपलेली राहिली. बी. ए. होऊन, शाळेत मास्तर होऊन, लग्न करूनही तो वळला गेला की रंगूबाईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही.

लडकूने सातवीनंतर शाळा सोडली आणि भिवंडीतल्या एका उस्तादाकडे कपडे बेतायला शिकला. त्याचा हात फार साफ होता. खडूची रेघ एकदा मारली की पुसायची वेळ यायची नाही. त्याचा धाकटा भाऊ नवशा शिवणात तयार झाला. कॉलर बसवावी तर नवशानेच, असं गिऱ्हाईक म्हणायचं. शिवाय नवशाच्या जिभेवर साखर होती. लडकू मुलखाचा अबोल आणि बोललाच तर फटकळ. म्हणून माप घ्यायला, गप्पा मारायला, उशीर झाला तर समजूत घालायला नवशा पुढे आणि कात्री घेऊन लडकू मागे, असं त्यांचं आपोआप ठरून गेलं. एकाहत्तर साली दोघांनी तीन बत्तीजवळ एक गाळा भाड्याने घेतला.

दुकानाचं नाव नवशाने सुचवलं, मॉडर्न टेलर्स. रंगवून घ्यायची पाटी ठरत होती, तेवढ्यात मोरू म्हणाला की माझ्या पोरांचं दुकान, तर अक्षरं मी लाकडात कापून देतो. मोरू सुतारकाम करायचा. खाडीतल्या होड्या आणि बैलगाड्या यांत त्याचा जन्म गेला होता. एका मोडीत निघालेल्या होडीचं जुनं सागवान त्याच्याकडे पडून होतं. त्याला इंग्रजी सोडा, मराठीही धड वाचता येत नव्हतं. सोमाने जाड पुठ्ठ्यावर वीतभर उंचीची एकेक अक्षराकृती काढून दिली आणि मोरू तिच्याबरहुकूम लाकूड कापत गेला. सोमा शेजारी बसून असायचा. या अक्षराचा एक पाय असा बाहेर का टाकलाय, याला मधली दांडी कशाला, असं मोरू विचारायचा, आणि सोमाला त्याचं उत्तर यायचं नाही. दोन्ही ओ सारखे झाले नाहीत. एक गोल झाला, दुसरा किंचित लांबट. मोरूला ते खटकलं, पण नवशाने तो लांबट ओ छातीशी धरला आणि हाच मला जास्त आवडतो म्हणाला. सगळी मिळून तेरा अक्षरं झाली. तेलपाणी करून ती निळ्या फळीवर ठोकली तेव्हा मोरू रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या हातचं शेवटचं काम ते.

दुकान चाललं. बेलबॉटमचे दिवस होते. मागांवर काम करणारी तरुण पोरं पगार झाला की थेट दुकानात यायची आणि खाली किती घेर ठेवायचा यावर नवशाशी वाद घालायची. लडकूला तो घेर मनापासून आवडत नसे, पण तो बेतून द्यायचा. लग्नसराईत दोघांना जेवायला फुरसत नसे. लडकूची बायको काशी आणि नवशाची बायको चंद्रा, दोघी घरी काजे-बटणं करायच्या. रंगूबाई त्यांच्यात बसून सुईत दोरा ओवून द्यायची.

बिनसलं ते एका नवरदेवाच्या कोटावरून. माप नवशाने घेतलं, कापड लडकूने बेतलं, शिवला नवशाने, आणि कोट आखूड झाला. हळदीच्या दिवशी नवऱ्याकडची माणसं दुकानात आली आणि चारचौघांत नाही नाही ते बोलून गेली. नवशाचं म्हणणं, माप बरोबर होतं. लडकूचं म्हणणं, सांगितल्या मापावरच कात्री चालवली. चूक कुणाची ते कधी कळलंच नाही. पण एवढी वर्षं आत साचलेलं सगळं त्या कोटाच्या निमित्ताने वर आलं. तू मला मागे बसवतोस आणि नाव स्वतःचं करतोस, असं लडकू म्हणाला. तुझ्या तोंडामुळे तुटलेली गिऱ्हाइकं मी सांधत बसतो, असं नवशा म्हणाला. मग बोलणं बंद झालं. एकाच गाळ्यात एकमेकांकडे पाठ करून दोघे काम करू लागले आणि एकमेकांना काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकामार्फत सांगू लागले.

चौऱ्याहत्तर साली वाटणी ठरली. रविवारी सकाळी वळच्या घरी माणसं बसली. रंगूबाईचा भाऊ केसरीनाथ मामा मध्यस्थ होता. वाटणीचा कागद करायला सोमाला बोलावलं होतं. मशिनी वाटल्या, कात्र्या वाटल्या, इस्त्रीचं टेबल एकाला आणि आरसा दुसऱ्याला गेला. गाळा लडकूकडे राहिला. नवशा मंडईच्या बाजूला दुसरा बघणार होता. सगळं शांतपणे चाललं होतं, ते पाटीपाशी अडलं. पाटी दुकानाची, म्हणून दुकानाबरोबर राहणार, असं लडकू म्हणाला. बाप लाकूड कापत होता तेव्हा दुसरं टोक मी धरत होतो, मी सोडणार नाही, असं नवशा म्हणाला. आवाज चढले.

केसरीनाथ मामाने हात वर केला. तो सावकाश बोलणारा माणूस होता.

"अक्षरं तुमच्या बापाची हायेत. ती कुणा एकाला द्यायची न्हाईत आन तोडायची बी न्हाईत. त्या तेरांत दोन दुकानांची दोन नावं बसत असतील तर वाटून घ्या. न्हाय बसली, तर ही लगीनसराई सरंपर्यंत दोघांनी एकाच दुकानात बसायचं. मंग बघू."

दोघा भावांनी ते कबूल केलं. नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हतं. मग मामा सोमाकडे वळला आणि एखादी उपचाराची गोष्ट विचारावी तसं त्याने विचारलं की मास्तर, बसतात का हो?

रंगूबाई आत चुलीवर चहा ठेवत होती. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. हे सोमाला पुढे बकुळाने सांगितलं, कारण त्याची बायको बकुळा त्या दिवशी त्याच्याबरोबर गेली होती आणि आत बायकांत बसली होती. सोमाने स्वतः ते पाहिलं नाही. त्याने कागद उलटा केला आणि तेरा अक्षरं ओळीने मांडली.

आधी त्याला 'मास्टर' दिसला. पण तो काढला की उरलेल्या सात अक्षरांचं काही होईना. 'टेलर' घ्यावा तर तो एकाच्याच वाट्याला येणार. त्याने एक पुसलं, दुसरं मांडलं. आता त्याला माणसांचे आवाज ऐकू येत नव्हते. अक्षरं सुटी झाली होती, तरंगत होती, जवळ येत होती आणि लांब जात होती, लहानपणी अंगणातल्या मातीत यायची तशी. आणि मग ते दोन ओ, मोरूचा गोल आणि मोरूचा लांबट, एकमेकांशेजारी येऊन बसले. त्यांच्या एका अंगाला एम लागला, दुसऱ्या अंगाला एन. उरलेल्यांत एस होता, टी होता, ए होता, आर होता.

"मून," तो म्हणाला. "आणि स्टार. चंद्र आणि तारा. दोन्ही बसतात."

तो वर पाहून हसला. त्याला वाटलं, किती सुंदर निघालं. लोकांनाही तसंच वाटलं. लडकूच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. थोरला म्हणून चंद्र माझा, असं तो म्हणाला, आणि नवशाही लगेच हो म्हणाला. फक्त लांबट ओ दादाकडे जाणार याची त्याला जरा हुरहुर वाटली. केसरीनाथ मामाने मात्र डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रंगूबाईने चहा आणला आणि कप खाली ठेवून ती आत गेली. पाच अक्षरं शिल्लक राहत होती. ती कुणाची, असं तिने आतूनच विचारलं. त्यांचं काही होत नाही काकी, असं सोमा म्हणाला. होत होतं. त्या पाचांत आळशी माणसासाठी 'आयडलर' हा एक चांगला शब्द होता, पण तो त्याने मनात ठेवला. मग ती पाच अक्षरं रंगूबाईकडे राहिली. पुढे तिची खाट डुगडुगायला लागली तेव्हा त्यातलं एक तिने खाटेच्या पायाखाली सारलं.

एसटीने परत येताना सोमा खूश होता. त्याने बकुळाला सगळं पुन्हा सांगितलं, 'मास्टर' कसा अडला आणि 'मून' कसा दिसला. बकुळा नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, दिवसभर माणसांचे चेहरे वाचायची. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"तुम्हाला कोडं दिसलं की माणूस दिसत नाही," ती एवढंच म्हणाली.

त्या वेळी सोमाला ते बोलणं लागलं नाही. तिला शब्दांतलं सुख कळत नाही, अशी त्याने समजूत करून घेतली.

पहिलं वर्ष दोन्ही दुकानं चालली. मून तीन बत्तीला, स्टार मंडईजवळ. दोघांकडे सोमाचं कौतुक होतं. कुणी दुकानाच्या नावाची चौकशी केली की लडकूसारखा अबोल माणूसही सोमाची गोष्ट सांगायचा. पण मूनमध्ये गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येईना. लडकूची बेतणी तशीच सुबक होती, पण शिवायला ठेवलेले कारागीर आज आहेत तर उद्या गावाला, आणि दुकानात गोड बोलणारं माणूस नव्हतं. उशीर झाला की लडकू म्हणायचा, घाई असेल तर दुसरीकडे टाका. लोक दुसरीकडे टाकायचे. स्टारमध्ये गप्पा रंगायच्या, कॉलर झकास बसायची, आणि शर्ट काखेत दाटायचा. नवशाला कात्री वश झाली नाही. त्यातच बाजारात तयार कपडे आले, दांडीवर टांगलेले, घालून बघा आणि घेऊन जा. एक चांगलं दुकान कदाचित त्यापुढे टिकलं असतं. दोन अर्धी दुकानं टिकणं अवघड होतं.

शहात्तर साली नवशाने स्टार बंद केलं आणि तो मागावर लागला. आज दिवसाची शिफ्ट, पुढच्या आठवड्यात रातची. गाळा एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने घेतला. त्याला पाटी आवडली. नाव असंच राहू दे, मी खाली रेडिओ लिहून घेतो, असं त्याने विचारलं, आणि नवशा दे म्हणाला. त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पण लडकूच्या कानावर ते गेलं तेव्हा तो दुकान उघडं टाकून मंडईत आला, बापाने कापलेल्या चार अक्षरांखाली रेडिओ लटकलेले पाहिले आणि तसाच परत फिरला. त्यानंतर त्याने भावाचं नाव टाकलं. वळच्या घरात मधोमध भिंत आली. रंगूबाई एक महिना भिंतीच्या या बाजूला जेवायची, एक महिना त्या बाजूला.

सोमाची शाळेची वाट मंडईवरून होती. रोज त्या पाटीखालून जाताना त्याला मोरू आठवायचा, रस्त्यापलीकडे उभा राहून पाहणारा. आपण काही चूक केली असं अजून त्याला वाटत नव्हतं. वाईट मात्र वाटायचं, आणि कशाचं ते नीट सांगता यायचं नाही.

ते त्याला कळलं अकलोलीला. रंगूबाईचे गुडघे धरले होते. गरम पाण्याच्या कुंडात बसली तर बरं वाटेल असं कुणीतरी सांगितलं, आणि दोन्ही पोरांत एकमेकांच्या आधी नेण्याची चढाओढ नको म्हणून तिने सोमाला निरोप धाडला. तो आणि बकुळा तिला एसटीने घेऊन गेले. कुंडात बसून झाल्यावर बकुळा ओले कपडे पिळायला गेली आणि रंगूबाई पायरीवर पाय पसरून बसली. पायांतून वाफ निघत होती. सोमा शेजारी बसला. बरं वाटतंय का काकी, असं त्याने विचारलं. ती हं म्हणाली. मग पाण्याकडे बघत तिने बोलायला सुरुवात केली, अगदी साध्या आवाजात, मिठाचा भाव सांगावा तशी.

"ती अट मीच घालाय लावली व्हती केसरीनाथाला. दोन नावं हुयाची न्हाईत असं मना वाटलं. लगीनसराईच्या धबडग्यात शेजारी शेजारी बसतील, एकानं कात्री मागली तर दुसऱ्याला द्यावीच लागंल. असं बोलता बोलता बोलतील, म्हनलं."

मला ठाऊक नव्हतं, असं तो कसंबसं म्हणाला.

"तुला कुटनं ठावं असनार? पन तू सांगायच्या आधी एकदा माझ्याकडं बघशील असं वाटलं व्हतं. मी दारातच व्हते रं."

"मी पाहिलं नाही, काकी."

"व्हय," ती म्हणाली. "ते मना दिसलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पाय पुसायला फडकं मागितलं, आणि बकुळा आल्यावर ती दवाखान्यातल्या गर्दीबद्दल विचारू लागली.

त्यानंतर तो लडकूकडे गेला. भावाला परत बोलाव, तू बेत आणि तो शिवेल, असं त्याने परोपरीने सांगितलं. लडकू खडू कानावर ठेवून ऐकत होता. ज्याने बापाचं नाव रेडिओवाल्याला दिलं त्याला मी दुकानात घेऊ, असं म्हणून तो कामाला लागला. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाला, तू कशाला मनाला लावून घेतोस, तू आमचं भलंच केलंस. नवशाकडे गेला तर नवशा शिफ्ट करून झोपलेला. चंद्राने उठवलं नाही, आणि सोमानेही उठवू नको म्हटलं. आपल्याला तेही धड जमलं नाही, असं मनाशी म्हणत तो परत आला.

त्याच थंडीत रंगूबाई गेली. दोघा भावांनी खांदा दिला, एक पुढे आणि एक मागे. दिवस एकत्र घातले, पण पंगती दोन बसल्या. सोमाला दोन्हीकडून बोलावणं होतं. तो कुठेच जेवला नाही. केसरीनाथ मामा ओट्यावर बसला होता, त्याच्याजवळ जाऊन बसला. मामाने त्याच्याकडे पाहिलं आणि पानाची पिशवी पुढे केली.

शाळेतल्या फळ्याचा कोपरा आधीच रिकामा झाला होता. एका सोमवारी त्याने खडू उचलला आणि शब्द न लिहिताच धडा सुरू केला. पोरांनी विचारलं. अभ्यासक्रम मागे पडलाय, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या सोमवारीही विचारलं, मग सोडून दिलं. पुढच्या वर्षीच्या पोरांना तो खेळ ठाऊकच नव्हता. सोमाच्या डोक्यातला मात्र तो थांबला नाही. नाक्यावरच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, औषधांच्या बाटल्या, जे दिसेल त्याचे तुकडे व्हायचे आणि नवे शब्द उठायचे. पूर्वी त्या शब्दांबरोबर सुख यायचं. आता उचकी लागावी तसे ते यायचे, आणि तो पाणी पिऊन ते घालवू पाहायचा. रविवारच्या इंग्रजी पेपरातलं कोडं घेऊन गणिताचे सर एकदा त्याच्यापाशी आले. सोमाने एका नजरेत उत्तर पाहिलं आणि पेपर परत दिला. मला नाही जमत हो आता, असं म्हणाला. सरांना ते खरं वाटलं, आणि सोमाला जरासं हायसं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये नवशा शाळेत आला. त्याची थोरली, तुळजा, पाचवीत जायची होती. नाव घातल्यावर पोर वर्ग बघायला आत पळाली आणि नवशा फाटकापाशी थांबला. त्याच्या केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते. बोलताना तो मधूनच खोकत होता. शिलाई मशीन अजून आहे का, असं सोमाने विचारलं. आहे, चंद्रा पोरींचे फ्रॉक शिवते, असं तो म्हणाला. मग सोमाने मनात इतके दिवस धरून ठेवलेलं बोलून टाकलं. तुझ्या आईच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं, नाहीतर मी तोंड उघडलं नसतं, असं तो म्हणाला. अकलोलीचं सगळं सांगितलं. मामाच्या अटीमागे आई होती हे नवशाला आजच कळत होतं. तो ऐकत राहिला, एक हात फाटकावर.

"तुमी न्हाय बोलला असता तरी आमी फुटलोच असतो, मास्तर."

"कदाचित."

"कदाचित न्हाय. त्या सालात न्हाय तर पुढल्या सालात. दादाला मी नको व्हतो आन मना दादा."

हे ऐकण्यासाठी सोमा किती दिवस आसुसला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नवशाने फाटकाच्या गजावरचा गंज नखाने खरवडला.

"पन तेवढी लगीनसराई आयनं सुखात काढली असती," तो म्हणाला.

दूर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. दुपारची शिफ्ट होती, आणि मुकादम उशीर चालू देत नसे. तुळजाला मधल्या सुट्टीत काहीतरी खायला द्या, सकाळी तिने खाल्लं नाही, असं सांगून नवशा झपाझप निघाला. सोमा मान हलवून हो म्हणाला. नवशा वळणाआड गेला तरी तो फाटकापाशी उभा होता. शेवटी शिपायाने येऊन विचारलं, सर, फाटक लावून घेऊ का?